घरचं दळण

जळगावच्या एका कापसाच्या जिनात मी इंजिनावर होतो. हात चांगला आणि तोंड वाईट, अशी माझी ख्याती. इंजिन बंद पडलं की मालकाला माझा हात आठवायचा आणि पगारवाढीची वेळ आली की तोंड. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती, जो तो काहीतरी नवीन करू म्हणत होता. एक दिवस मुकादमाशी माझं वाजलं आणि मीही नवीन काहीतरी करायचं म्हणून नोकरी सोडून गावी आलो. पहूरच्या पलीकडे, गाडीरस्त्याने तासाभरावर आमचं गाव. गावात चक्की नव्हती. चार सधन घरं पहूरला दळण पाठवायची, बाकी सगळीकडे पहाटे जात्यांची घरघर.

मला चक्की टाकायची होती. जळगावात एक जुनं तेलावरचं इंजिन विकायला निघालं होतं. त्याचा आवाज ऐकूनच मी ओळखलं होतं की अजून वीस वर्षं याला मरण नाही. पण दगड, पट्टा, वरची पत्र्याची शेड असं सगळं धरलं की माझ्याजवळची पुंजी निम्मी पडायची. उरलेले निम्मे पैसे माझ्या मित्राने दिले.

हा लहानपणापासूनचा मित्र. मी इंजिनाच्या नादी लागलो, तो शेतीत राहिला. अंगाने पैलवान, मिशा राखलेल्या, बोलायला मात्र अगदी कमी. त्याच्या घरी कापूस होता, विहिरीवर थोडी केळी होती आणि जेवणारी दोन डझन माणसं होती. घराचा कारभार त्याच्या थोरल्या काकांकडे. अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं. शेतातलं उत्पन्न नानांच्या हातात जायचं, पण हंगामात कोणी लोकांचा माल वाहून गाडीभाडं कमावलं तर ते ज्याचं त्याचं, अशी त्या घराची रीत होती. माझा मित्र कित्येक वर्षं लोकांचा कापूस जळगावला जिनात घेऊन यायचा आणि ते भाडं पहूरच्या एका मारवाडी शेठजींकडे ठेवायचा. कशासाठी साठवतोस म्हणून विचारलं तर नुसता हसायचा.

पैसे काढायला आम्ही दोघं शेठजींकडे गेलो. धान्याचे मोठे व्यापारी, गादीवर बसून सगळ्या तालुक्याची नाडी ओळखणारे. त्यांनी पैसे मोजून समोर ठेवले, पण वरचा हात उचलला नाही.

"ठरलं काय तुमचं?" त्यांनी विचारलं.

"ठरायचं काय त्यात?" मित्र म्हणाला.

शेठजींनी कपाळाला हात लावला. "अरे भाई, हिसाब जौ-जौ, बख्शीस सौ-सौ. दोस्ताला शंभर रुपये फुकट द्या, पण हिशेब जवाच्या दाण्यापर्यंत करा." आणि मग त्यांनी आम्हांला चांगलं शिकवलं. आधी तेल, पट्टा, झिजलेल्या दगडाला टाकी लावणं हा खर्च बाजूला काढायचा. मग मी दिवसभर चक्कीवर उभा राहणार त्याची मजुरी काढायची. उरेल त्याचे वाटे करायचे, रुपयात सहा आणे एकाचे आणि दहा दुसऱ्याचे, किंवा आठ-आठ. तोटा आला तर कोणी किती सोसायचा हेही आजच बोलायचं, कारण तोटा आल्यावर कोणाचं तोंड उघडत नाही. आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर कसं पडायचं, तेही आजच.

मला ते तंतोतंत पटलं. मी म्हटलं, "आठ-आठ. पैसे तुझे, हात माझे."

मित्राचा चेहरा लाल झाला. "तुह्याकडून नफा घेऊ मी? मी काय सावकार हाये का भो?"

मी सहा म्हटलं, चार म्हटलं, नुसतं व्याज तरी घे म्हटलं. प्रत्येक आकड्याला तो जास्तच दुखावत गेला. आमच्याकडे दोस्ताने दोस्ताला भाव सांगणं म्हणजे दोस्ती बाजारात मांडणं. शेठजी सगळं बघत होते. शेवटी त्यांनी हात उचलला आणि म्हणाले, "जो काही मागत नाही त्याचं देणं कधी फिटत नाही. तुम्हांला हे महाग पडणार." वाटेने आम्ही त्यांना भरपूर हसलो. कंजूस माणसाला दोस्ती काय कळणार, असं मीच म्हणालो होतो.

परत येताना गाडीत त्याने खरी गोष्ट सांगितली. बैलांकडे बघत सांगितली, माझ्याकडे नाही. त्याची बायको धुळ्याकडची. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला जायला तिला माहेर असं नव्हतंच. घरात ती सगळ्यांत धाकटी सून, म्हणून जातं तिच्या वाट्याला. दोन डझन माणसांची ज्वारी ती कोंबडा आरवायच्या आधीपासून दळायची. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलं. सुईणीने सांगितलं होतं, पुढच्या खेपेला हिला जात्यावर बसवू नका. पण सासू म्हणे, आम्ही नाही दळलं पोटुशी असताना? दळल्याने बाळंतपण सोपं होतं. आणि नाना म्हणत, घरात सुना असताना दळायला पैसे घालवायचे? शिवाय चक्कीचं पीठ तापतं, त्यातलं सत्त्व जळतं. त्या घरात नवऱ्याने बायकोची बाजू घेतली की लगेच तो बाईलवेडा ठरायचा. तिथे हा माझा पैलवान बोलणार काय? म्हणून त्याने वर्षानुवर्षं गाडीभाडं साठवलं होतं.

"फुकट असलं तर नाना हो म्हनतीन," तो म्हणाला. "माह्या घरचं दयन फुकट दे. बस. मले दुसरं काहीच नको."

आमच्या बोलीत 'ळ' कोणी उच्चारत नाही. दळणाचं दयन, केळीची केयी. जळगावच्या मुकादमाने त्यावरून मला फार छळलं होतं. तर असं हे दयन. मी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांच्या घरचा रोजचा एक डबा. रॉकेलचा रिकामा डबा भरून ज्वारी. इंजिनाला त्याचं काय जड? हे तर कुठल्याही व्याजापेक्षा कमी होतं, आणि आपण दोस्ताला फसवतोय असं वाटून मलाच लाज वाटली. मी ताबडतोब कबूल केलं.

चक्की सुरू झाली त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. नारळ नानांच्या हातून फोडला. मला उत्साह आवरत नव्हता. मी मोठ्याने सांगितलं, "माझ्या मित्राने या चक्कीला पैसे दिले आहेत. त्याच्या घरच्या दळणाला इथे कधीही पैसा पडणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. नानांचीही मान ताठ झाली. मित्राने घरी जाऊन मोठ्या जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या एकामागून एक खांद्यावर घेतल्या आणि शेतातल्या झोपडीत नेऊन टाकल्या. ढोरांचं आंबोण भरडायला होईल, म्हणाला. लोक हसले, मीही हसलो. 

पहिले काही आठवडे फार सुखाचे गेले. इंजिनाची पुक-पुक सुरू झाली की बायका डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. मित्राच्या घरचा डबा पहिला लागायचा. घरी गेला की सासू पिठात हात घालून बघायची आणि म्हणायची, "भाजलं बाई पीठ!" म्हणायची तेवढीच. खायची तेच. एकदा विहिरीवर मित्राची बायको, म्हणजे वहिनी, भेटल्या. खाली बघत, पण हसून म्हणाल्या, "भाऊ, आते पहाटले झोप लागस." मला ऐकून बरं वाटलं. इंजिनावर इतकी वर्षं काढली, पण इंजिनाने कोणाला झोप मिळते हे पहिल्यांदाच कळलं.

मग मित्राच्या चुलत भावाचा डबा आला. त्याचं घर वेगळं, चूल वेगळी. मी पैसे मागितले तर तो म्हणाला, "आपल्या घरचंच हाये ना?" मी म्हटलं, असू दे एक. दुसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडच्या घराचा आला. आठवड्याभरात त्यांची अख्खी गल्ली माझ्या दारात. एकीने ज्वारी-उडदाचा कळणा दळून घेतला, त्याचा वास दगडाला लागला, मागून गहू घेऊन आलेली पैसे देणारी बाई माझ्याशी भांडली आणि निघून गेली. फुकटवाली मात्र शांतपणे पीठ चाळत बसली होती.

मी नानांकडे गेलो. तोंडाला आवर घालून विचारलं, "नाना, घरचं दळण म्हणजे कुठपर्यंत धरायचं?"

नाना झोपाळ्यावर होते. त्यांना प्रश्न अगदीच पोरकट वाटला असावा. "ज्याचं सुतक आम्हाले लागते, ते आमचं घर," ते म्हणाले. "याच्यात विचाराचं काय हाये?"

झालं. माणूस मेल्यावर ज्या-ज्या घरांनी सुतक पाळायचं, ती सगळी घरं एक. आमच्याकडे ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही. मलाही ती पाळण्यात होतो तेव्हापासून ठाऊक होती, तरी शब्द देताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त दोन डझन माणसं आणि एक डबा होता. सुतकाच्या हिशेबाने त्यांचं घर म्हणजे निम्मं गाव, आणि शेजारच्या गावातली पंधरा-वीस चुलाणं वेगळी. तेही आले. गाडी भरून आले. त्यातल्या एकाला माझा मित्रसुद्धा ओळखेना. तर तो गृहस्थ पागोटं काढून आपलं डोकं दाखवत म्हणाला, "नानाची माय गेली तव्हा मी डोकं केलतं! विचारा नानाले!" त्याचं ते कधीकाळी मुंडलेलं डोकं ही माझ्या चक्कीची पावती. मी डबा ओतून घेतला. दुसरं काय करणार होतो?

मी चिडखोर माणूस. जिनात मालकालाही सुनवायचो. पण इथे सुनवू कोणाला? सगळ्यांसमोर शब्द मीच दिलेला. आणि त्यांतला प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर होता. हे फार वाईट असतं. समोरचा चोर असला तर माणसाला आरडाओरडा करता येतो. इथे सगळे सभ्यपणे, सुतकाच्या हक्काने, मला बुडवत होते. घरचं दळण आधी हाही मानच, त्यामुळे पैसेवाले ताटकळायचे, कंटाळून पुन्हा पहूरची वाट धरायचे. तेलाचे डबे संपत होते. दगडाला टाकी लावायला माणूस बोलवायचा तर त्याला द्यायला खिशात काही नसायचं. रात्रीच्या जेवणाला माझी आई ताट वाढताना म्हणायची, "गावजेवण घातलं असतंस तर लोकांनी निदान आशीर्वाद तरी दिला असता." 

मित्राला हे दिसत होतं. त्याने धीर करून नानांकडे विषय काढला. नाना म्हणाले, "शब्द चारचौघांत दिला हाये. आता भाऊबंदांले पैसे मागून मले खाली पाहाले लावतो का?" त्यांचंही चुकत नव्हतं. भाऊबंदांत नानांची मान खाली गेली असती तर त्याच घरात माझ्या मित्राला पाणी गोड लागलं नसतं.

मग मी शेवटचा उपाय काढला. त्याला शेडमागे नेलं आणि म्हटलं, "तुझी मुद्दल मी हप्त्याहप्त्याने परत करतो, वर व्याज देतो. भागीदारी मोडली असं सांगून टाकू. मग सगळ्यांनाच पैसे."

 तो शेडच्या पत्र्यावरच्या तेलाच्या डागावर अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "आता नको भो. तिले पाचवा लागला."

 भागीदारी मोडली की दळणाला पैसे. पैसे म्हटले की नाना नाही म्हणणार. नाना नाही म्हणाले की वहिनी पुन्हा जात्यावर. शेठजींनी विचारलं होतं, एकाला बाहेर पडायचं झालं तर कसं पडायचं. आम्हांला दोघांनाही बाहेर पडायला दारच नव्हतं. चक्की तोट्यात चालवायची, पण चालवायची. मी बरं म्हटलं आणि परत पट्टा चढवला.

असाच महिना गेला. एक दिवस इंजिन मधेच खोकून बंद पडलं. तेल संपलं होतं आणि ते आणायला पैसे नव्हते. समोर डब्यांची रांग. तेवढ्यात मित्र आला आणि माझं तोंड सुटलं. "मोज! दहा डबे आहेत, त्यात एकच पैसेवाल्याचा! बाकीचे सगळे तुझे. मी आता इंजिनात काय ओतू, माझं रक्त?" त्याने घरचा डबा उचलला, खांद्यावर घेतला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचा डबा यायचा बंद झाला. बाकी गल्ली येत होती, फक्त ज्याने पैसे दिले त्याच्याच घरचा डबा नव्हता. तो स्वतःही येईना. लोकांना विषयच मिळाला. "भागीदाराचं पीठ आता पहूरचं दिसते," असं कोणी माझ्या कानावर पडेल इतक्या जोराने म्हणे. मला आधी वाईट वाटलं, मग राग आला. माझ्या चार शब्दांसाठी हा पहूरला पैसे मोजतो? मग ते पैसे मला देताना काय होत होतं?

पंधरा-वीस दिवसांनी नाना चक्कीवरून जाताना थांबले. खूश होते. "आता दगड जमले रे तुह्ये," म्हणाले. "पहिले पीठ जयकं येत होतं. आता भाकर कशी गोड लागते!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांच्या घरचा दाणा माझ्या दगडाला किती दिवसांत शिवला नव्हता. म्हणजे घरी माहीत नाही. घरी सांगतो माझी चक्की आणि पीठ आणतो भलतीकडून. मी चौकशी केली तेव्हा कळलं की तो हल्ली राखणीला शेतातच झोपतो, संध्याकाळी डबा घेऊन जातो आणि सकाळी परस्पर चक्कीवरून पीठ आणलं म्हणून घरी देतो. आता याला पकडायचाच, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याच्या शेताकडे निघालो. वाटेत काय-काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं. चांगली धारदार वाक्यं होती.

केळीच्या बागेला वळसा घालून विहिरीजवळ आलो आणि घरघर ऐकू आली. जात्याचा आवाज. मला वाटलं, सालदाराची बायको आंबोण भरडत असेल. झोपडीच्या दारातून आत पाहिलं. कंदील लावून, धोतर मांड्यांपर्यंत खोचून, माझा मित्र जात्याशी बसला होता. हाताला पंचा गुंडाळलेला. घामाने मिशा गालाला चिकटलेल्या. शेजारी घरचा डबा, अर्धा ज्वारीचा, आणि फडक्यावर पिठाचा ढीग.

आमच्याकडे पुरुष एकवेळ चोरी केलेली कबूल करेल, पण जात्यावर बसलेला कबूल करणार नाही. दारात कोणी दिसताच त्याने दचकून बाजूचं पोतं ओढून जात्यावर टाकलं. मग बघितलं मी आहे, तर पोतं तसंच हातात धरून बसून राहिला.

माझी सगळी जुळवलेली वाक्यं गेली. मला एवढंच सुचलं, "अरे, पहूरला का नाही गेलास?"

"पैसे कुठीसा हायेत आता? जे होते ते तुह्या इंजिनात."

"मग माझ्याकडे आण ना! एवढ्या सगळ्यांचं फुकट दळतो, तुझा एक डबा मला जड आहे का?"

"बाकीच्यांचा मले थांबोता येत नही," तो म्हणाला. "हा येतो."

मी दारातच बसलो. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. त्याने पंचा सोडला. तळहाताचे फोड फुटून पुन्हा फोड आले होते. बैलाचा कासरा ओढणारा हात तो, त्याला जात्याने असं केलं होतं. वहिनींचे हात काय असतील? तो हळूच म्हणाला, "कोनाले सांगजो नको. हासतीन लोकं. आन् घरी समजलं का तिले बसोतीन."

मी उठलो आणि त्याच्या समोर बसून खुंट्याला हात घातला. आम्हांला जमेना. तो ओढायचा तेव्हा मी ढकलायचो, दाणे बाहेर उडायचे, तो मला शिव्या घालायचा. पैलवान आणि फिटर, दोघांत मिळून एका बाईचं काम होत नव्हतं. हळूहळू जमलं. पुढे तिचे दिवस भरेपर्यंत मी जमेल तेव्हा पहाटे तिथे जायचो. तिथून निघून चक्कीवर यायचो, इंजिन चालू करायचो आणि सुतकाच्या नात्यातल्या सगळ्या लोकांचं दळण यंत्रावर दळायचो, फुकट. ज्याने यंत्राला पैसे दिले तो तेवढा हाताने दळत होता. मी खूप विचार केला, पण दुसरी वाट तेव्हाही सापडली नाही आणि आजही सापडत नाही.

वहिनींना मुलगी झाली. सुखरूप. नाना "मुलगीच का" म्हणाले, पण साखर त्यांनीच वाटली. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाचं मी फुकट दळलं. पैसे देणाऱ्यांचंही. आई म्हणाली, डोकं फिरलंय याचं.

पुढच्या वर्षी चक्की विकावी लागली. ती शेठजींनीच घेतली. त्यांनी पहिल्याच दिवशी दारावर पाटी लावली, सगळ्यांना एकच भाव. त्यांच्या सुतकाशी गावात कोणाचा संबंध नव्हता. लोकांनी कुरकुर न करता पैसे दिले, आणि आश्चर्य म्हणजे नानांनीही दिले. तान्ही मुलगी घरात असताना सुनेला जात्यावर बसवणं आता त्यांनाही बरं दिसेना. तेवढी एक गोष्ट होऊन गेली होती.

मला धुळ्याला इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात काम मिळालं. पहूरहून छोट्या गाडीने पाचोरा, तिथून चाळीसगाव, मग धुळ्याची गाडी. निघायच्या दिवशी विक्रीतून आलेले निम्मे पैसे फडक्यात बांधून मी मित्राच्या घरी गेलो. तो ओट्यावर होता. पुडकं पाहूनच त्याने मान हलवली.

"ठरलं होतं ते झालं ना? घरचं दयन फुकट."

"तुझ्या घरचं तर तूच दळलंस!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मंग फुकटच झालं की," म्हणाला आणि माझ्या वाटेसाठी केळी आणायला आत गेला.

वहिनी मुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी आत नजर टाकली, तो लांब आहे हे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, पीठ थंडं शे, हाई माले पहिलाच दिन समजनं."

मला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला. चक्कीचं पीठ गरम येतं, जात्याचं थंड. दोन डझन माणसांच्या भाकरी रोज थापणाऱ्या बाईला ते पहिल्या मुठीतच कळलं होतं. त्यांनी नवऱ्याचे हात पाहिले होते आणि काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याला खोटं बोलावं लागलं असतं. त्यांनीच पुढे सांगितलं, सासू रोज पिठात हात घालून बघायची, म्हणून तिचा हात लागायच्या आत त्या डबा चुलीजवळ सरकवून ठेवायच्या. चांगलं गरम होईपर्यंत. रोज, मुलगी होईपर्यंत.

"त्यास्ले सांगू नका," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मित्र केळीचा घड घेऊन बाहेर आला. माझ्या हातात पुडकं तसंच होतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"काय म्हने ती?"

"काही नाही," मी म्हटलं. "भाऊ, तुमच्या चक्कीचं पीठ चांगलं यायचं, असं म्हणाल्या."